गालिच्याचं मानांकन झालं, तालमीचं काय?

मा. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्री, भारत सरकार यांस,
स. न. वि. वि.

इंग्लंडातल्या विंडसर किल्ल्याच्या वॉटर्लू दालनात सुमारे दोन टन वजनाचा एक गालिचा आहे. व्हिक्टोरिया राणीसाठी तो आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला. १९९२ साली किल्ल्याला आग लागली, तेव्हा तो गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले. अशा गालिच्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. मी लिहितोय ते नक्षीच्या कागदांबद्दल.

काश्मीरमध्ये गालिच्याची नक्षी लिहिलेली असते. नक्काश चित्र काढतो, मग दुसरा कारागीर त्याची 'तालीम' लिहितो, म्हणजे कुठल्या रंगाच्या किती गाठी, हे ओळीओळीने खुणांमध्ये मांडतो. मागावर एकजण ती मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकत गाठी मारतात. फूल उमलतं ते नुसत्या रंग आणि आकड्यांच्या पुकाऱ्यावर! ही लिपी मुळात कानी शालींची, म्हणजे छोट्या लाकडी काड्यांनी विणलेल्या काश्मिरी शालींची. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर शालींचा फ्रान्समधला बाजार बसला आणि ती गालिच्यांच्या कामी आली.

फ्रेंच विणकर जाकारने १८०४ च्या सुमारास नक्षी विणण्यासाठी भोकं पाडलेले पुठ्ठे मागाला जोडले. पुढे इंग्लंडातल्या गालिच्यांची नक्षीही त्या पुठ्ठ्यांवरून उतरू लागली. भोकांच्या पुठ्ठ्यांची हीच युक्ती पुढे संगणकात आली, म्हणून संगणकाच्या इतिहासात आज जाकारचं नाव आदराने घेतात. तालीम लिहिणाऱ्यांना हा मान कोणी दिला नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

अकबराच्या आग्रा, फतेहपूर आणि लाहोरच्या गालिच्यांच्या कारखान्यांचा उल्लेख 'ऐन-ए-अकबरी'त आहे. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर परदेशातून मागणी वाढली, तुरुंगांतही माग बसले. मग घाई आली, स्वस्त रासायनिक रंग आले आणि जुन्या नक्षींच्या नकला निघू लागल्या. तरीही हातमागाचा गालिचा टिकला.

२०१० मध्ये उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या गालिच्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण मानांकनाने राखलं जातं ते नाव. हाताने लिहिलेल्या जुन्या तालमी आणि नक्षीची चित्रं तशीच राहतात. आता तालीम संगणकावरून छापून मिळते, त्यामुळे जुने कागद ट्रंकेत पडले तर वाळवी आणि ओल त्यांना सोडणार नाही.

भदोहीला आपल्याच मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कार्पेट टेक्नॉलॉजी आहे. तिच्याकडे हे काम नेमून द्यावं. घराघरांतले कागद स्कॅन करावेत, मूळ प्रत त्या घरातच राहू द्यावी. नक्षी ही त्या घराची मिळकत आहे, तेव्हा आधी परवानगी आणि योग्य मोबदला, मगच ती इतरांसाठी खुली करावी. प्रत्येक कागदावर लिहिणाऱ्याचं नाव असावं.

सुरुवात मात्र कागदांपासून करू नये. तालीम गाऊन वाचणारे म्हातारे कारागीर आहेत, त्यांचं वाचन याच वर्षी ध्वनिमुद्रित करावं. त्यासाठी किती निधी देणार, एवढं जाहीरपणे सांगावं, ही विनंती.

आपला,
गालिच्यांचा एक अभ्यासक