फीचर बंद करताना कॅलेंडर बघा

संपादक महोदय,
सोसायटीच्या हिशोबाचं एक सॉफ्टवेअर आम्ही वापरतो, त्यातलं थकबाकी पुढच्या वर्षात ओढायचं बटण अपडेटनंतर गायबच झालं. फोन करून विचारलं तर म्हणे कोणी वापरत नव्हतं, आकडे बघूनच काढलं. अहो, ते लागतंच एप्रिलमध्ये, तुम्ही दिवाळीच्या सुमारास मोजलंत तर शून्यच दिसणार ना!

जुनं काही काढूच नका असं नाही म्हणत मी. वेबपानांवर अॅनिमेशन आणि व्हिडिओ चालवणारं अॅडोबी कंपनीचं फ्लॅश जायलाच हवं होतं, त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी संपतच नव्हत्या, आणि अ‍ॅडोबीने जुलै 2017 मध्येच सांगून टाकलं होतं की 2020 च्या शेवटी बंद. चांगली साडेतीन वर्षं मिळाली, तरी दक्षिण आफ्रिकेच्या टॅक्स खात्याचे काही फॉर्म फ्लॅशवरच राहिले आणि जानेवारी 2021 मध्ये खात्याने तेवढ्यासाठी चक्क स्वतःचा ब्राउझर काढला! पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचं, पायथन 2 चंही तसंच, ती बंद करायला आधी 2015 ठरलेलं, मग लोक हलेचनात म्हणून 2020. म्हणजे नुसती लांबची तारीख देऊन भागत नाही, शेवटचा महिना येईपर्यंत कोणी मनावर घेत नाही.

प्रोग्रामर जिथे आपला कोड ठेवतात त्या गिटहब साइटची पद्धत मला आवडली. 13 ऑगस्ट 2021 पासून कोड चढवताना पासवर्ड चालणार नव्हता, तर त्यांनी त्याआधी जून आणि जुलैमध्ये एकेक दिवस ठरवून काही तास तो बंद ठेवला. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या सर्व्हरवर कोणीतरी कधीकाळी पासवर्ड घालून लावून ठेवलेली, आपोआप कोड चढवणारी स्क्रिप्ट असली तर ती त्या दिवशी अडकणार, मालकाला कळणार, आणि दुरुस्तीला वेळही हातात राहणार. नाहीतर नोटीसचे ईमेल कोण वाचतंय हो, आमच्या सेक्रेटरींच्या इनबॉक्समध्ये हजारो न वाचलेले पडलेत.

आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांना एवढं सगळं जमणार नाही, मान्य. पण वापर मोजायचा तर अख्खं आर्थिक वर्ष मोजा, ऑडिट होईपर्यंत हात लावू नका, आणि बंद होणार ही सूचना त्या बटणावरच मराठीत टाका, वेबसाइटच्या तळाशी नको. त्याच्या जागी येणारं नवीन फीचर आधी चालू करून दोन्ही काही महिने सोबत चालू द्या. आणि जुना डेटा एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची सोय सगळ्यात शेवटी काढा, ती पहिल्याच फटक्यात उडवली की माणूस पूर्ण अडकतो.

– एका सोसायटीचा खजिनदार, पुणे