ट्रोलिंग म्हणजे नुसतं गळ ओढणं नाही

संपादक महोदय,

तुमचा अमेरिकेतल्या लेक मिशिगनवरच्या सॅमन फिशिंगचा लेख वाचला, फोटो मस्तच, पण ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत बसायचं एवढंच लिहिलंय राव. खरा खेळ खोलीचा आहे. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की चिनूक (सॅमनचीच एक जात) खाली गार पाण्यात जातो, मग डाउनरिगरचा (गळ खोल नेणाऱ्या यंत्राचा) जड गोळा सोडून स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं आमिष, तिथवर न्यायचा, मासा लागला की गळाची दोरी गोळ्याजवळच्या क्लिपमधून सुटते आणि वाकलेला रॉड टणकन सरळ होतो, तेव्हा आधी ढिली दोरी भराभर गुंडाळायची. लेक ट्राउट हा मासा धरायचा तर बोट अजून हळू, आमिष तळाजवळ. आणि हो, सॅमन तिथला मूळचा नाहीच, १९६६ मध्ये कोहो ही सॅमनची जात सोडली, कारण बाहेरून आलेले एलवाइफ नावाचे छोटे मासे माजले होते, ते खायला कोणी हवं होतं. हे एका ओळीत तरी यायला हवं होतं.

– एक वाचक