साली परत काढायला लावल्याबद्दल

ती. मावशीस,
सा. न.

फोनवर ‘थँक्यू’ म्हटलं की तू ‘बरं बरं, जेवलास का?’ म्हणून विषय बदलतेस. म्हणून हे लिहून टाकतोय, आणि तेही चारचौघांत, म्हणजे तुला विषय बदलायला जागा राहणार नाही.

आजीच्या वहीतली जॅमची कृती तू मला उतरवून दिलीस, ती जेमतेम पाच ओळींची. फळं, जेवढ्यास तेवढी साखर, एक लिंबू, ‘मऊ शिजवणे’ आणि शेवटची ओळ, ‘थेंब थबकला की उतरवणे’. मिनिटं नाहीत, आच नाही, पातेलं कसलं तेही नाही. मी म्हटलं, यात काय अवघड आहे! पहिल्या खेपेला जे झालं त्याला सरबत म्हणावं तर ते गोड फार, आणि जॅम म्हणावं तर ते पावावरून थेट मनगटापर्यंत ओघळलं. दुसऱ्या खेपेला त्या धास्तीने इतकं आटवलं की गार झाल्यावर चमचा त्यात उभा राहिला, तो निघेचना. दोन्ही वेळा फळं गेली, साखर गेली, गॅस गेला. स्वस्तात पडतो म्हणून मांडलेला खटाटोप विकतच्या बाटलीपेक्षा महाग पडायला लागला होता.

तिसऱ्या खेपेला तुला व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल डब्याला टेकवून ठेवला आणि सफरचंदाच्या फोडी तुला दाखवल्या. सोललेल्या, बिया काढलेल्या, एकसारख्या. मला वाटलं कौतुक करशील. तू विचारलंस, ‘साली कुठे आहेत?’

साली कचऱ्याच्या डब्यात होत्या.

‘जॅम धरतो कशाने, तर त्या सालींनी आणि गाभ्यांनी. तेच टाकून दिलंस आणि नुसतं गोड पाणी आटवत बसलास. काढ बाहेर.’ मी काढल्या. (सकाळीच डबा धुऊन नवी पिशवी घातली होती आणि आत दुसरं काहीही नव्हतं, हे इथे सांगून ठेवतो. माझ्याकडचा जॅम खाल्लेले लोक हे वाचतील.) साली, गाभे, बिया, सगळं धुऊन मलमलच्या फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी फोडींबरोबर थोड्या पाण्यात शिजायला सोडली. फोडी मऊ झाल्यावर तू ती दोन चमच्यांमध्ये दाबून पिळायला लावलीस. सुरुवातीला पाणीच आलं. मग जे आलं ते दाट, बुळबुळीत, चमच्याला धरून लोंबणारं होतं. दोन खेपा मी जे शोधत होतो ते फडक्यातून ठिबकत होतं.

नंतर मी वाचलं, की या चिकट ऐवजाला पेक्टिन म्हणतात. आँरी ब्राकोनो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ साली ते वेगळं काढलं आणि गोठणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. पेक्टिनचे लांबलचक धागे पाण्यात एकमेकांपासून फटकून राहतात. लिंबाच्या आंबटपणाने त्यांचं हे फटकून वागणं कमी होतं, साखर त्यांच्याभोवतीचं पाणी ओढून घेते, मग ते एकमेकांना धरतात आणि त्या जाळीत रस अडकून बसतो. म्हणजे आजीच्या पाच ओळींतलं लिंबू चवीपुरतं नव्हतंच. आणि वहीत सालींचा उल्लेख का नाही, हे मी विचारल्यावर तू जे म्हणालीस ते मला सगळ्यात आवडलं. ‘तिने साल कधी टाकलीच नाही, तर लिहील कशाला?’

फळांबद्दलही माझा समज उलटा होता. मी पूर्ण पिकलेली, मऊ, घमघमणारी निवडून घेत होतो. फळ पिकतं तसं त्यातलं पेक्टिन मोडत जातं, म्हणून चारात एक तरी फळ करकरीत, किंचित कच्चं हवं. सफरचंद, प्लम, लिंबूवर्गातली फळं यांत ते मुळात भरपूर असतं. स्ट्रॉबेरी, पीच, चेरी याबाबतीत गरीब. त्यांच्या जॅममध्ये सफरचंदाच्या सालींची पुरचुंडी सोडली की पेक्टिनची वेगळी पूड विकत आणावी लागत नाही. वेडीवाकडी, दबलेली, कुणी हात न लावलेली फळंही चालतात, तेवढा भाग कापून टाकायचा. बुरशी आलेलं मात्र तू एकही घेऊ दिलं नाहीस.

साखरेवरून आपलं वाजलं, ते आठवतंय ना? मला निम्मी करायची होती. तू म्हणालीस, कर, पण मग तो जॅम फ्रीजमधला पाहुणा, तीन-चार आठवड्यांत संपव. तयार जॅममध्ये साखर ६० ते ६५ टक्क्यांच्या घरात असली की जंतूंना वाढायला पाणी उरत नाही, तेव्हा तो टिकतो. जेवढ्यास तेवढी घातली की आटल्यावर हिशेब साधारण तिथेच येतो. मी तुझं ऐकलं. अजूनही मला तो थोडा गोडच वाटतो, पण ते असो.

फळ मऊ होण्याआधी साखर घालायची नाही, नाहीतर साली चिवट राहतात. साखर मंद आचेवर पूर्ण विरघळवायची आणि मगच आच मोठी करायची. पातेलं पसरट हवं, कारण उभ्या पातेल्यात पाणी उडायला वेळ लागतो आणि फार वेळ उकळलं की पेक्टिनच मोडतं. माझा दुसऱ्या खेपेचा दगड हा त्याच अतिउकळीचा प्रताप. तो जॅम म्हणून धरलाच नव्हता, ती साखर होती.

आता थेंब. मी ऐटीत थर्मामीटर दाखवला. जॅम १०४-१०५ अंश सेल्सिअसला धरतो, आणि उंचावरच्या गावात दर ३०० मीटरला हा आकडा साधारण १ अंशाने खाली येतो, हे सगळं पाठ होतं माझं. तू म्हणालीस, ‘असू दे तो, पण फ्रीजरमध्ये दोन बशा ठेव.’ आणि मग तू नुसती ऐकत बसलीस. पातेल्यात आधी बारीक फेसाचा सळसळता आवाज होता. पंधराएक मिनिटांनी तू एकदम म्हणालीस, ‘आवाज जड झाला बघ. गॅस बंद कर आणि थेंब टाक.’ बघतो तर बुडबुडे मोठे, संथ, चकचकीत झाले होते. थर्मामीटर तेव्हा १०४ दाखवत होता. फोनवरून, मावशी!

गार बशीवर थेंब टाकला, मिनिटभर थांबलो, बोटाने हळूच ढकलला. त्याच्या पाठीवर सुरकुती पडली. बशी तिरकी केली तर तो घरंगळायच्या बेतात आला आणि थबकला. आजीचा शब्द बरोब्बर तोच होता.

दहा मिनिटं निवू दिला, म्हणजे फोडी वर तरंगत नाहीत, आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या गरम बाटल्यांत भरला. तू फोन ठेवलास तेव्हा दीड तास झाला होता आणि तुझं जेवण राहिलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी काकांकडून कळलं.

सोबत दोन बाटल्या पाठवतोय. एक सफरचंद-प्लमची. दुसरी स्ट्रॉबेरीची, ती जरा सैल झालीय, काही बोलू नकोस. बाटल्या रिकाम्या झाल्या की परत पाठव. झाकणं नकोत, त्यांचं रबर एकदा दबलं की पुन्हा नीट बसत नाही, ती मी नवी लावीन.

तुझा,
साली न टाकणारा भाचा