तर्री नको म्हणणारा माणूस

बजाजनगर, नागपूर
२७ मे

प्रिय दिल्या,

नवतपा सुरू झालाय. कूलरच्या ताट्या यंदा नव्या टाकल्या, तरी दुपारी तीनला घरात बसवत नाही. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ झालं होतं, आठवतं? आपण स्कूटरवर धंतोलीहून महालात गेलो होतो आणि तू म्हणाला होतास की हँडल हातात धरवत नाहीये. यंदा तेवढं नाही, पण उकाड्यानं झोप उडालीच आहे. अर्थात माझी झोप नुसत्या उकाड्यानं उडालेली नाही.

दोनदा तुला फोन लावला. दोन्ही वेळा आंब्याचे भाव आणि पोरांचे निकाल यांवर बोलून ठेवून दिला. खरं बोलायला गेलो असतो तर तू "हो बे, हो बे" करून विषय फिरवला असतास. ही तुझी जुनी खोड. म्हणून हे पत्र. पूर्ण वाच, मधेच वहिनींच्या हातात देऊ नकोस. वाचून झाल्यावर मात्र द्यायचं आहे.

पुतण्याच्या लग्नाला आलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपण पोहे खायला गेलो होतो. ठेलेवाल्यानं सवयीनं तुझ्या पोह्यांवर तर्रीचा डाव धरला आणि तू प्लेट मागे घेतलीस. "तर्री नको, दही असल तर टाका." तो डाव हातात धरून तुझ्याकडे बघतच राहिला. मागून बंड्या ओरडला, "का बे, पुन्याचं पानी लागलं का तुले?" सगळे हसले. मीही हसलो. तू म्हणालास, आता वय झालं, सात्त्विक खातो. बंड्यानं त्यावर तुला हातसुद्धा जोडले.

दिल्या, तू कॉलेजात सावजीच्या रश्श्याची वाटी तोंडाला लावून पिणारा माणूस. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि "अजून आन". तो माणूस पोह्यांत दही मागतो, आणि आम्ही त्याचं कौतुक करतो!

तरी मी तेवढ्यावर सोडलं असतं. पण संध्याकाळी पोरींनी गुपचुपच्या गाडीवर नेलं. सगळे एकेक पुरी अख्खी तोंडात टाकत होते. तू द्रोण हनुवटीखाली धरलास, पुरी दाताच्या टोकानं फोडलीस, अर्धी खाल्लीस, पाणी द्रोणात सांडलं, मग उरलेली अर्धी. अशा सहाच्या सहा. तुझं कुणाकडे लक्ष नव्हतं, तुझ्याकडेही कुणाचं नव्हतं. फक्त माझं होतं. कारण दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा गुपचुप अशीच खात होतो.

माझ्यावर येतोच, पण आधी नानाकाकांचं सांगतो. ते तुला माहीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना टेकडी गणपतीला घेऊन गेलो होतो, भर बाराला. चपला काढल्यापासून सावलीपर्यंतच्या त्या पट्ट्यात सगळे टाचांवर नाचत होते. बायका पदर सावरत पळत होत्या, पोरं किंचाळत होती. आणि आमचे काका हात जोडून, एकेक पाऊल टाकत, संथ चालत गेले. काकू कौतुकानं म्हणाल्या, "पाहा, ह्यांच्या पायाले काही नाही लागत. देवाची कृपा आहे." मलाही खरंच वाटलं, काय श्रद्धा आहे या माणसाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना चादरीवर ओले डाग दिसले. काकांच्या दोन्ही तळव्यांना रुपयाएवढे फोड आले होते, त्यातला एक फुटलेला. काकांना पत्ता नाही. डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाडसर धागा घेतला. दहा ग्रॅमचा दाब पडला की वाकतो असा तो असतो. काकांना डोळे मिटायला लावून तळव्यावर दहा ठिकाणी टेकवला. काकांनी दोनदाच "लागलं" म्हटलं. पंधरा वर्षांच्या शुगरनं पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. मग काकूंना एकेक आठवायला लागलं. वर्षभर त्यांची स्लीपर चालता चालता पायातून निघून पडायची आणि हे तसेच चार पावलं पुढे जायचे. घरात त्यावरून थट्टा व्हायची, "काका चप्पल विसरले." ती जखम भरायला चार महिने लागले. डॉक्टर म्हणाले, बोट वाचलं हे नशीब समजा.

थट्टा झाली, कौतुक झालं, एकानंही पाय उलटा करून पाहिला नाही.

ताईच्या घरी तर याहून कमाल. भाऊजी बारीक झाले. दिवाळी ते होळी आठ किलो उतरले. जो येईल तो विचारी, "काय करून रायले जी? जिम का?" भाऊजींनाही ते आवडायला लागलं. पँटी अल्टर करून घेतल्या. एप्रिलमध्ये मी दोन रात्री त्यांच्याकडे होतो. उशाशी दोन लिटरची बाटली, सकाळी रिकामी. आणि रात्रीतून चारदा उठणं. ताई म्हणाली, ऊन किती आहे बघ, तहान लागणारच.

मला तिथेच काहीतरी खटकलं, पण कळायला एक दिवस गेला. नागपूरच्या उन्हात तहान लागते हे खरं, पण पाणी घामावाटे जातं. उन्हाळ्यात लघवी कमी होते, पिवळी होते. कोरड्या घशानं रात्रभर पाणी पिणारा माणूस चारचारदा बाथरूमला जातो याचा अर्थ ते पाणी उन्हामुळे जात नाहीये. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत ओढून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. माणूस पितो आणि लगेच काढून टाकतो. अन्नातली साखरही अशीच वाया जाते, म्हणून शरीर आपलीच चरबी आणि स्नायू खायला लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींना लॅबमध्ये घेऊन गेलो. उपाशीपोटी २८७ निघाली. १२६ ला मधुमेह म्हणतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती टेस्ट ११ च्या पुढे. तिथं साडेसहाला घंटा वाजते. ज्यांनी ज्यांनी "मस्त बारीक झाले" म्हटलं होतं त्यांच्यात मीही होतो, फोटोखाली अंगठा दिला होता.

धाकट्या वहिनी येता-जाता कच्चे तांदूळ तोंडात टाकायच्या, ते हिमोग्लोबिन कमी झाल्यामुळे निघालं. गोळ्या सुरू केल्या आणि महिनाभरात तांदळाची आठवणही राहिली नाही. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता माझं.

माझी दाढ दुखायला लागली म्हणून मी डेंटलला गेलो, आपल्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या सरकारी. एक अगदी पोरसवदा डॉक्टरीणबाई होती. म्हणाली, "काका, तोंड उघडा." मी उघडलं. "मोठं उघडा ना." म्हटलं, "उघडलंच आहे जी." तिनं हातातला आरसा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खर्रा किती वर्षं?" पानठेल्यावरच्या त्या सुपारी-तंबाखूच्या घोट्याबद्दल मी अजून एक शब्द सांगितला नव्हता. मग तिनं माझाच उजवा हात उचलून तीन बोटं जुळवायला लावली, उभी धरून दातांमध्ये घाला म्हणाली. दोन गेली. तिसरं गेलं नाही. मी जोर केला तर कानाच्या पुढे कळ आली. तिनं मोजपट्टी लावली, २२ मिलिमीटर. चांगल्या माणसाचं तोंड ३५ ते ५० उघडतं.

मग तिनं गालाच्या आतून बोट फिरवून मलाही फिरवायला लावलं. दिल्या, आतून गाल मऊ असतो, लोण्यासारखा. माझ्या गालात उभ्या दोऱ्या लागल्या, बाजेच्या सुंभासारख्या ताणलेल्या. आरशात दाखवलं तर गुलाबी असायला हवं तिथं पांढुरकं, संगमरवरासारखं. "तिखट सोसतं का?" म्हणाली. तेव्हा मला कळलं की दीड वर्षापासून मी घरच्या भाजीतलं तिखट कमी करायला लावत होतो आणि बायकोला सांगत होतो की ॲसिडिटी आहे. "फुगा फुगवता येतो?" त्याच आठवड्यात नातीच्या वाढदिवसाला एकही फुगा मला फुगवता आला नव्हता, हवा ओठांतून बाजूनं निघून जायची. मी तेव्हा फुगे स्वस्तातले आणलेत म्हणून पोराला झापलं होतं. शिट्टी तर कधी बंद पडली ते आठवतसुद्धा नाही.

याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या अस्तराखाली धागे वाढत जातात, अस्तर ताठर होतं, तोंड हळूहळू मिटत जातं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. तिखट झोंबतं, एवढंच आधी कळतं. हा कॅन्सर नाही, पण कॅन्सर होण्याआधीची जागा आहे, आणि काही लोक तिथून पुढे जातात.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, मी तर खर्रा सोडला. माहीत आहे. पुण्यात गेल्यापासून तंबाखूला हात लावला नाहीस, आणि लग्नात दहादा सांगितलंस. पण तुझ्या शर्टाच्या खिशात ती डबी होती. नुसती सुपारी, दिवसभर. "सुपारीनं काय होतं बे, पूजेला ठेवतो आपन."

तिथंच गाडी चुकते आहे, दिल्या. हा आजार तंबाखूचा नाही, सुपारीचा आहे. सुपारीतला अ‍ॅरिकोलीन ते धागे वाढवतो आणि सुपारीतलं तांबं त्यांना आणखी घट्ट बांधतं, मग शरीराला ते सोडवता येत नाहीत. मलाही वाटायचं की खर्ऱ्यातला तंबाखू वाईट आणि सुपारी निव्वळ भरताड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच तंबाखूविना नुसत्या सुपारीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. २०१२ मध्ये गुटखा बंद झाला तेव्हा आपण पानठेल्यावर उभे राहून त्या गुटखेवाल्यांची कीव केली होती. पन्नीत घोटलेला खर्रा हातात होता, आणि आपण वेगळे आहोत असं वाटत होतं.

माझं सध्याचं असं आहे. बंद केला, पहिल्या पंधरा दिवसांत घरातल्या सगळ्यांशी भांडलो, तेव्हा सरकारचा १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर लावला होता, तिथली मुलगी शांतपणे ऐकून घेते. गालात इंजेक्शनं झाली, ती दुखतात, खोटं सांगत नाही. लायकोपीनच्या गोळ्या. आणि आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. त्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दर थोड्या दिवसांनी एक वाढवायची. सकाळ-संध्याकाळ टीव्हीसमोर तोंडात काड्यांची थप्पी घेऊन बसतो, नात म्हणते आजोबा मगर झाले. २२ वरून ३१ वर आलोय. तिखट थोडं थोडं चालतं. गाल पूर्वीसारखा मऊ होणार नाही असं त्या पोरीनं स्पष्ट सांगितलंय, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला बोलावते. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा फोड, मानेत न दुखणारी गाठ, यातलं काही दिसलं तर सहा महिने थांबायचं नाही, लगेच यायचं, असं फाइलवर लाल पेनानं लिहून दिलंय.

मी त्या दिवशी पोह्यांच्या ठेल्यावर बोललो का नाही, हे तू विचारशील. बंड्या होता, पोरं होती, तुझे व्याही होते. आणि खरं सांगू? मीही हसलो होतो त्याची लाज वाटत होती. गुपचुपच्या गाडीवर बोलणार होतो, तर तू पैसे द्यायला पुढे झालास.

आता पत्र बाजूला ठेव. उजव्या हाताची तर्जनी, मधली, अनामिका जुळव, उभी धर, आणि वरच्या-खालच्या समोरच्या दातांमध्ये घाल. जोर करू नकोस. किती गेली ते मला फक्त आकड्यात कळव, एक, दोन किंवा तीन. वहिनींना समोर बसव, कारण तू अर्धं बोट पूर्ण मोजणारा माणूस आहेस, कॅरमपासून माहीत आहे मला. तीन गेली तरी ती डबी वहिनींकडे दे. दोन गेली तर पुण्यात कुणाही दातांच्या डॉक्टरला गाठ आणि सांग की सुपारी खातो, लपवू नकोस. जमत नसेल तर इकडे ये, मी सोबत येतो, माझी तारीख १८ जूनची आहे. त्या पोरीला सांगून ठेवलंय की एक मित्र येईल, तोही "उघडलंच आहे" म्हणेल.

तुझा,
अन्या

ता.क. आईनं तुझ्यासाठी सांडगे केलेत. बिनतिखटाचे करू का असं विचारत होती. मी म्हटलं, आकडा येऊ दे, मग सांगतो.