ऑगस्टिनच्या मनोऱ्याला चुना हवा, सिमेंट नको

संपादक महोदय,

ओल्ड गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या मनोऱ्याबद्दल लिहितोय. टुरिस्ट येतात, सेल्फी काढतात, गाइड जॉर्जियाच्या राणी केतेवनची गोष्ट सांगतो आणि बस पुढे जाते, पण 46 मीटरचा हा मनोरा अर्धा पडूनही उभा कसा राहिलाय हे कुणी सांगतच नाही. खरं तर पडल्यामुळेच त्याचं बांधकाम उघडं पडलंय. जवळ जाऊन बघा, सगळा आपला लाल चिरा, म्हणजे जांभा दगड, मधे चुन्याचे सांधे, एकावर एक कमानी, आणि कुठे कुठे अजून चिकटून राहिलेला पांढरट गिलावा.

हा गिलावा शोभेसाठी नव्हता हो. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, पण पाणी मात्र पितच राहतो, म्हणून जुने लोक त्याला चुन्याचा रेनकोट घालायचे. जवळच्याच बॉम जीझस चर्चचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला, तिथला उघडा चिरा कसा झिजतोय ते आपण सगळे बघतोच आहोत.

इथे चर्च 1602 सालचं. 1835 मध्ये ख्रिस्ती मठ बंद झाले, देखभाल करणारं कुणी उरलं नाही आणि 1842 मध्ये छत कोसळलं. माझ्या मते खरा घात तिथेच झाला, कारण एवढ्या उंच दर्शनी भिंतीचा मागचा आधार गेला आणि पावसाचं पाणी वरून थेट भिंतींच्या पोटात शिरायला लागलं. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा खाली आला, 1938 मध्ये आणखी काही भाग गेला. मोठी घंटा 1871 मध्येच पणजीच्या चर्चमध्ये नेलेली म्हणून ती तेवढी वाचली.

म्हणून संबंधित खात्याला कळकळीची विनंती, दर पावसाळ्याआधी फटीत उगवणारी पिंपळ-वडाची रोपं लहान असतानाच मुळासकट काढा, भिंतींच्या उघड्या माथ्यांवर चुन्याचा थर द्या आणि सुटत चाललेल्या गिलाव्याच्या कडा चुन्यानेच बंद करा. सिमेंट अजिबात नको, ते ओल आत कोंडून ठेवतं आणि मग चिराच आतून भुगा होतो. आणि चुन्याचं काम येणारे जुने मेस्त, म्हणजे गवंडी, आपल्या गावागावांत अजून आहेत, त्यांचे हात चालतायत तोवर त्यांना या कामावर घ्या आणि चार तरुण पोरं त्यांच्या हाताखाली द्या.

एक वाचक, माशेल