‘ट्रेनिंग घेतले व समजले’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आयटीआयची मुलं अप्रेंटिस म्हणून कारखान्यांत लागण्याचे हे दिवस. कुठल्या ट्रेडला किती विद्यावेतन मिळतं याची माहिती आपल्या अंकात आली होती, ती उपयोगी होती. पण पहिल्या दिवशी कारखान्यात त्या मुलाला काय शिकवतात, हे त्यात नव्हतं. म्हणून हे पत्र. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मी 31 वर्षं काढली, शेवटची 11 टूलरूमचा (साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या खात्याचा) फोरमन म्हणून.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा, फिटर, 18 पूर्ण होऊन जेमतेम तीन महिने झालेले, एका कारखान्यात लागला. कारखान्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या वडिलांनी तशी विनंती केली आहे. पहिल्या दिवशी सकाळी वीस-बावीस मुलांना एका खोलीत बसवून भिंतीवर इंग्रजी व्हिडिओ दाखवला. हेल्मेट घातलेला कुणी गोरा माणूस शिडीवर चढतो आणि घसरतो. दहा-बारा मिनिटांत संपलं. मग एक कागद फिरला: ‘सेफ्टी ट्रेनिंग घेतले व समजले’. खाली सही. प्रेसवरचा माणूस गावी गेला होता म्हणून दुपारी याला पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, उभं केलं. अकराव्या दिवशी उजव्या तर्जनीचं वरचं पेर डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) राहिलं.

दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मी पहिलं तेच विचारलं, “अरे, दोन हातांची दोन बटणं होती ना प्रेसला?”

“होती आजोबा. पण एक पाचर मारून दाबून ठेवलेलं होतं. मला वाटलं, मशीन तसंच असतं.”

रात्री झोप लागली नाही मला. दोन बटणांची युक्ती अगदी साधी आहे. रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा ठोकळा, खाली येताना दोन्ही हात बटणांवर गुंतलेले असले की ते डायमध्ये जाऊच शकत नाहीत. एक बटण पाचरीने दाबलं की एक हात मोकळा होतो आणि नग भराभर निघतात. नव्या कंट्रोलमध्ये दर फेरीला दोन्ही बटणं सोडून पुन्हा दाबावी लागतात, तिथे पाचरीची मात्रा चालत नाही. जुन्या प्रेसना ती सोय नसते आणि आपल्याकडच्या शेडांत जुन्याच प्रेस जास्त. नवख्या मुलाला हे सांगायचं कुणी? ज्याने पाचर मारली त्याने?

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. 1996 च्या दिवाळीआधी एक ऑर्डर अडकली होती, तेव्हा एका प्रेसचा पुढचा गार्ड (हात आत जाऊ न देणारी आडकाठी) मीच काढायला लावला होता. म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. कुणाला काही झालं नाही आणि तेच वाईट झालं. पुढची दोन वर्षं तो गार्ड कपाटामागे पडून होता, आणि त्या काळात जी पोरं आली त्यांनी ती प्रेस गार्डशिवायच पाहिली. त्यांनाही वाटलं असेल, मशीन तसंच असतं.

कायद्याचं म्हणाल तर कायदा मुका नव्हता. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 23 प्रमाणे धोकादायक यंत्रावर अल्पवयीन मुलाला उभं करायचं तर त्याला धोके आणि खबरदारी पूर्ण समजावून सांगितलेली हवी असे. शिवाय त्याचं पुरेसं प्रशिक्षण झालेलं हवं असे, नाहीतर जाणत्या माणसाची देखरेख हवी असे. पण हे 18 च्या आतल्यांसाठी. अठरावा वाढदिवस झाल्याचं प्रेसला कुठे कळतं? 1984 च्या भोपाळनंतर, 1987 साली कायद्यात भर पडली. सुरक्षेची माहिती मागणं आणि प्रशिक्षण मिळवणं हा कामगाराचा हक्क ठरला. नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा कामगारांच्या सुरक्षेच्या नव्या संहितेत गेला. तिथेही माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख ही मालकाची कर्तव्यं आहेतच. मात्र विजेवर चालणारी शेड ‘कारखाना’ ठरायला पूर्वी 10 कामगार पुरत, आता 20 लागतात. बारा-पंधरा माणसांच्या शेडा आमच्या वसाहतीत गल्लोगल्ली आहेत, आणि पाचरी तिथेच जास्त.

मुलाच्या वडिलांना ऑफिसात सांगण्यात आलं, “तो अप्रेंटिस आहे, कामगार नव्हे.” अर्धं खरं आहे. 1961 चा अप्रेंटिस कायदा त्याला शिकाऊच म्हणतो. पण तोच कायदा कारखान्यातल्या आरोग्याच्या आणि सुरक्षेच्या तरतुदी त्याला लागू करतो आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर टाकतो. ही भरपाई कशी मोजतात ते वाचून ठेवा. 1923 च्या भरपाई कायद्याच्या (नोव्हेंबर 2025 पासून तोही नव्या संहितेत गेला) परिशिष्टात कमावण्याची ताकद किती टक्के गेली याचा तक्ता होता. पूर्ण अंगठा 30, पूर्ण तर्जनी 14, तर्जनीचं एक पेर 9. फिटरची तर्जनी आणि कारकुनाची तर्जनी, तक्त्यात दोन्ही सारख्याच.

मग प्रशिक्षण म्हणजे काय? माझ्या हाताखाली पोरगं आलं की पहिला तास मशीन बंद. मेन स्विच कुठे, मशीन थांबवायचं लाल बटण कुठे, ते आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून शोधायचं. लेथवर चकची (जॉब पकडणाऱ्या फिरत्या जबड्याची) चावी चकात विसरून मशीन चालू केलं तर ती कुठे उडेल, ते बोटाने दाखवायचं. लोखंडाचा कीस ब्रशने काढायचा, हाताने नाही. ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत. हे ऐकून सगळे चकित होतात, कारण व्हिडिओतल्या माणसाने सदा हातमोजे घातलेले असतात. फिरत्या ड्रिलने मोजा पकडला की मागोमाग हात जातो. ग्राइंडिंग व्हील बसवण्याआधी बोटावर टांगून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा आहे, फेकून द्या. एअरच्या पाइपने अंगावरची धूळ उडवायची नाही. आणि वेल्डरला नुसता जॉब (जोडायचा तुकडा) धरून देणाऱ्या पोरालाही डोळ्यांपुढे काळी काच हवी. नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते आणि बटाट्याच्या चकत्या ठेवून पहाट करावी लागते.

हे सगळं झालं की मी म्हणायचो, “आता तू मला शिकव.” त्याच्या बोलण्यात जिथे खळ पडे तिथून पुन्हा. भाषा त्याची. आमच्याकडे मराठी-गुजराती पोरं होती, दाहोद-छोटाउदेपूरकडची होती, यूपी-बिहारची होती. यंत्रविद्या देशी भाषेतून शिकवता येते हे या गावाला नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन ही तंत्रशाळा काढली आणि त्रिभुवनदास गज्जरांनी ती चालवली, ती ह्याच धोरणावर. त्याच बडोद्यात आज पोराला इंग्रजी व्हिडिओ दाखवून ‘समजले’वर सही घेतात.

मालक मंडळी म्हणतील, ही मुलं तीन महिन्यांत सोडून जातात, त्यांच्यावर किती वेळ घालवायचा. खरं आहे, जातात. पण त्या मुलाच्या अपघातानंतर ती प्रेस तपासणी आणि जबाबांपायी चार दिवस बंद होती. त्या वेळाचा हिशेब कुणी मांडला होता?

माझी मागणी मोठी नाही. सहीच्या त्या कागदावर आणखी तीन रकाने छापावेत: मशीन कोणतं, किती तास, शिकवलं कुणी. तिसऱ्या रकान्यात शिकवणाऱ्याचीही सही हवी. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी फाइल बघण्याआधी एका पोराला उभं करून विचारावं, “लाल बटण कुठे आहे?”

माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी मी मोकळा असतो. मकरपुऱ्यातल्या कुठल्याही शेडमधून निरोप आला तर येईन. ब्रश, एक लाकडी पाचर आणि तडा गेलेलं एक व्हील माझं मी घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त फोरमन
मांजलपूर, बडोदे