मुलांच्या मासिकाच्या वेष्टनात प्रौढांसाठीची पत्रके : तक्रार आणि खुलाशाची मागणी

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
वर्गणी व वितरण विभाग.

विषय : मुलांच्या मासिकाबरोबर न मागवलेली प्रौढांसाठीची जाहिरातपत्रके घरी येणे.
संदर्भ : यापूर्वी फोनवरून व ईमेलने केलेल्या तक्रारी.

महोदय,

आपल्या कंपनीमार्फत आमच्या घरी वर्गणीने काही मासिके येतात. त्यांतले एक मुलांचे आहे. त्याची वर्गणी माझ्या मुलीच्या नावावर आहे आणि अर्ज भरताना आपण तिची जन्मतारीखही घेतली होती, कारण वर्गणीदार मुलांची नावे त्यांच्या वाढदिवसाच्या महिन्यात अंकात छापली जातात. गेले काही महिने याच अंकाच्या प्लास्टिकच्या वेष्टनात, मुखपृष्ठाला चिकटून, लहान मुलांच्या हातात पडूच नयेत अशी जाहिरातपत्रके येत आहेत. मी फोन केला, ईमेल केले. उत्तरादाखल "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" हा तयार मजकूर आला. मी अभिप्राय दिला नव्हता, तक्रार केली होती. म्हणून आता लेखी कळवत आहे.

पत्रके दोन प्रकारची आहेत. पहिल्यात अंतर्वस्त्रे आणि "खास जोडप्यांसाठी"च्या वस्तू आहेत. छायाचित्रे कशी आहेत ते सोबतच्या नमुन्यांत दिसेलच, वर्णन करत बसत नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत "18+" छापले आहे. पारदर्शक वेष्टनातून चित्र आधी दिसते आणि ती सूचना भिंगाने शोधावी लागते, तेव्हा तिचा उपयोग नेमका कोणाला, हे जाहिरातदारालाच विचारावे लागेल. दुसरे पत्रक पुरुषांच्या "कमजोरी"वरच्या गोळ्यांचे आहे. त्यात हमखास गुण येण्याची ग्वाही आहे, "आधी" आणि "नंतर"चे फोटो आहेत आणि खाली ठळक अक्षरांत आश्वासन आहे की माल साध्या खोक्यातून, कोणालाही कळणार नाही असा घरी पोहोचवला जाईल. म्हणजे विकत घेणाऱ्याची लाज कशी राखायची हे या मंडळींना व्यवस्थित ठाऊक आहे. ज्याने काहीच मागवलेले नाही, त्याच्या दारात मात्र तेच सगळे उघडे टाकायचे!

गैरसमज नको म्हणून सांगते. प्रौढ माणसांनी काय विकत घ्यावे याबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्या वस्तूंचे दुकान असावे, जाहिरातही असावी, ज्याला हवी त्याने ती मागवून घ्यावी. मुलांपासून शरीराबद्दलचे सगळे झाकून ठेवावे अशाही मताची मी नाही. मुलीचे प्रश्न येतात आणि आम्ही तिच्या वयाला झेपेल तेवढी खरी उत्तरे देतो. पण तो विषय कधी निघावा आणि कोणत्या शब्दांत निघावा, हे एखाद्या गोळ्या विकणाऱ्याने ठरवायचे नाही. या पत्रकात लिहिले आहे की चाळिशीनंतर प्रत्येक पुरुषाला या औषधाची गरज पडते. ते वाचून आमच्या मुलीने, घरात पाहुणे बसलेले असताना, "बाबा, तुम्ही ते औषध घेता का?" असे काळजीने विचारले. पाहुणे हसले आणि नंतर आम्हीही हसलो. पण तिच्या मनातून बाबा आजारी असल्याची धास्ती काढायला बराच वेळ लागला.

हसण्यावारी नेता येणार नाही अशीही घरे आहेत. वेष्टनावर नाव-पत्ता छापलेला असला की आतले सगळे त्या नावाच्या माणसानेच मागवले, असा समज होतो. नवऱ्याने चोरून काही मागवले, वयात आलेल्या मुलाला भलती सवय लागली, असे आरोप यावरून होऊ शकतात. एकत्र राहणाऱ्या कुटुंबात, किंवा जिथे टपाल शेजाऱ्याकडे ठेवले जाते तिथे, खुलासे कोणाकोणाला देत बसायचे? जाहिरातदाराचा खर्च पत्रक छापून संपतो, पुढचा हिशेब घरातल्यांना चुकवावा लागतो.

आपल्या ग्राहक सेवा केंद्राने मला फोनवर सांगितले की पत्रक आमचे नाही, जाहिरातदाराचे आहे, आम्ही फक्त इन्सर्ट, म्हणजे जाहिरातदाराने दिलेले सुटे पत्रक, वेष्टनात टाकतो, नको असेल तर फेकून द्यावे. फेकून देण्याचा सल्ला आधी घेते, कारण तो थोडक्यात आटोपतो. पत्रक फेकायला ते आधी हातात यावे लागते आणि आमच्या घरी मासिकावर पहिली झडप मुलीची असते. मासिक तिचेच आहे.

आता "आमचे नाही" याबद्दल. जाहिरातदाराशी माझा काहीही व्यवहार नाही. पैसे मी आपल्याला दिले, पत्ता आपल्याला दिला, मुलीचे वय आपल्याला सांगितले. वेष्टन आपले, त्यावरची नावाची पट्टी आपली आणि पत्रक आत सरकवण्याचे पैसे घेतले तेही आपणच. पट्टीवर मासिकाचा सांकेतिक क्रमांक असतो, म्हणजे पॅकिंगच्या वेळी प्रत्येक मासिकाचा गठ्ठा वेगळा होतो. तेव्हा मुलांच्या अंकाचा गठ्ठा इन्सर्टमधून वगळणे हे काही अवघड तंत्र नव्हे. ज्या कंपनीला जन्मतारीख पाहून वाढदिवसाच्या यादीत नाव घालता येते, तिला तीच जन्मतारीख पाहून एक पत्रक बाहेर ठेवता येत नाही, हे पटणारे नाही.

दोन्हींत मला जास्त राग गोळ्यांच्या पत्रकाचा आहे, हे वाचून आपल्याला कदाचित नवल वाटेल. चित्रांचे पत्रक चुकीच्या जागी आले, एवढाच त्याचा मुख्य दोष. गोळ्यांचे पत्रक कुठेही गेले तरी घातकच. अशा "वनौषधी" गोळ्यांत सिल्डेनाफिलसारखे, पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरचे औषध न सांगता मिसळलेले आढळते, असे इशारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार दिले आहेत. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्या माणसाच्या पोटात ते गेले, तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. डॉक्टरकडे जायला संकोचणारा आणि पत्रकावरच्या नंबरला भुलणारा माणूस बहुधा हृदयविकाराची औषधे सुरू असण्याच्याच वयाचा असतो.

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 सालचा आहे. लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी अमुक औषध घ्या, असे सुचवणाऱ्या जाहिरातीला त्याच्या कलम 3 ने मनाई केलेली आहे. जाहिरातीच्या व्याख्येत पत्रक, सूचना, लेबल आणि वेष्टनसुद्धा येते. त्या कलमाची भाषा आपल्या कायदा विभागाने शांतपणे वाचावी. अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणीही "कोणताही भाग" घेऊ नये, असे ते म्हणते. अशा औषधाची जाहिरात गोपनीयरीत्या नोंदणीकृत डॉक्टरला पाठवण्यापुरती सवलत या कायद्यात आहे. आमच्या घरात डॉक्टर नाही.

चित्रांच्या पत्रकाबाबत स्त्रियांचे असभ्य चित्रण (प्रतिबंध) कायदा, 1986 पाहावा. त्याच्या कलम 4 मध्ये असे पत्रक तयार करणे, विकणे, वाटणे आणि टपालाने पाठवणे, सगळेच येते. कलम 7 प्रमाणे गुन्हा कंपनीच्या हातून घडला, तर कारभाराची जबाबदारी असलेल्या व्यक्तीलाही जाब द्यावा लागतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 295 मध्ये लहान मुलांना अश्लील वस्तू वाटण्याला वेगळी आणि अधिक कडक शिक्षा आहे. हे विशिष्ट पत्रक अश्लील ठरते की नाही, हे मी ठरवणार नाही. केवळ अंग उघडे दिसते म्हणून चित्र अश्लील होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अवीक सरकार खटल्यात सांगितलेले मलाही माहीत आहे. पण "कायद्याने ते अश्लील नाही" हे उत्तर वर्गणीदाराला पुरणार नाही. मी मुलांचे मासिक मागवले होते आणि मला त्याबरोबर दुसरेच काहीतरी मिळाले. ही सेवेतील त्रुटी आहे.

अशा वेळी काय आक्षेपार्ह हे ठरवायचे कोणी, असा वाद घालता येतो. तो जुना आहे आणि काही देशांनी त्याचे सोपे उत्तर काढले आहे. अमेरिकेत 1967 च्या कायद्याने ज्याच्या घरी टपाल येते त्याला अधिकार दिला की एखादी जाहिरात आपल्याला कामुक वाटते एवढे त्याने टपाल खात्याला कळवायचे, की पाठवणाऱ्याला ते नाव यादीतून काढावे लागते. धंदेवाल्यांनी त्याला आव्हान दिले. 1970 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रोवन खटल्यात कायदा कायम ठेवला. नको म्हणणाऱ्याच्या टपालपेटीपाशी पाठवणाऱ्याचा हक्क थांबतो, असा त्या निकालाचा आशय आहे. ब्रिटनने 1971 मध्ये लैंगिक क्रियांचे वर्णन किंवा चित्रे असलेली पुस्तके आणि पत्रके न मागता पाठवणे हाच गुन्हा ठरवला, अशा पुस्तकांच्या जाहिरातींसकट. आपल्याकडून मी एवढ्या कायद्याची अपेक्षा करत नाही. "नको" असे कळवले की नोंद व्हावी आणि पाळली जावी, इतकेच म्हणणे आहे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. मुलांच्या नावावरच्या आणि मुलांच्या मासिकांच्या सर्व वर्गण्या अशा इन्सर्टमधून ताबडतोब वगळाव्यात. केवळ माझी वगळून भागणार नाही, कारण बाकीच्या घरांतही मुलेच वेष्टन फोडत असणार. आमच्या पत्त्यावर कोणत्याही मासिकाबरोबर प्रौढांसाठीची पत्रके येऊ नयेत, अशी नोंद करून तिचा क्रमांक मला लेखी द्यावा. गोळ्यांचे पत्रक कोणाकडून आले आणि कुठे छापले, हे कळवावे, कारण त्यावर मुद्रकाचे नाव नाही, फक्त मोबाईल नंबर आहे. आमचा पत्ता किंवा मुलीची माहिती या जाहिरातदारांना दिली गेली आहे का, याचे उत्तर "हो" किंवा "नाही" असे सरळ यावे. गोपनीयता धोरणाची लिंक पाठवू नये, ती मी वाचली आहे. यांपैकी काही जमणार नसेल, तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करावी. मुलीला काय सांगायचे ते मी पाहीन.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवस वाट पाहीन. त्यानंतर जाहिरातींबाबतची तक्रार भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे, गोळ्यांची राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आणि आपल्या सेवेची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंदवेन. तिथेही निभावले नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. वेष्टने नावाच्या पट्टीसकट जपून ठेवली आहेत.

दोन्ही पत्रकांचे नमुने सोबत जोडले आहेत. आपल्या कार्यालयात टपाल कोण उघडते याची मला कल्पना नाही. म्हणून ते जाड कागदाच्या बंद पाकिटात घातले आहेत आणि पाकिटावर "प्रौढांसाठीचा मजकूर, संबंधित अधिकाऱ्यानेच उघडावे" असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.

कळावे,
आपली एक वर्गणीदार
(नाव, पत्ता व वर्गणी क्रमांक सोबतच्या पावतीच्या प्रतीवर)